शीलाताईंची हरकत

शीलाताई गेल्याचं मला क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ‘रामटेके मॅडम यांचे हृदयविकाराने दुःखद निधन. आजचा मानवी भूगोलाचा तास इतिहासाच्या मॅडम घेतील.’ दोन्ही वाक्यं एकाच संदेशात. इतिहासाच्या मॅडम म्हणजे मी. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती आणि मधेच कुणीतरी विचारलं होतं, तास नेहमीच्याच वेळेला ना? विश्रांतवाडीला त्यांच्या घरी जाऊन आले आणि तो तास मी घेतलाही. आता महिना उलटून गेला, तरी तो संदेश आठवला की डोकं सणकतं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये आम्ही दोघी कित्येक वर्षं शेजारी बसलो. शोकसभेत संचालक म्हणाले, मॅडमनी भूगोल सोपा केला. साफ खोटं. त्यांनी तो अवघड करून ठेवला होता. लोकसंख्येची घनता पाच मिनिटांत उरकते. एकूण लोकसंख्येला क्षेत्रफळानं भागायचं, झालं. शीलाताई मुलांना विचारत बसायच्या, तुझ्या खोलीत कॉट किती, सकाळी आंघोळीला नंबर कधी लागतो, गावाकडच्या घरात कितीजण होता? मग कात्रजला एकाच खोलीत राहणारी मुलं वाद घालू लागत, की घरी याहून जास्त माणसं होती तरी कधी कोंडल्यासारखं झालं नाही. सगळा तास त्यात गेला की त्या म्हणायच्या, “आता लिहा. घनता मोजता येते, गर्दी विचारावी लागते.” वाक्य झकास, पण अभ्यासक्रमाचं काय? वस्त्यांचे प्रकार, व्यवसायांचं वर्गीकरण, सगळं शेवटच्या आठवड्यात कोंबलेलं. मी चिडायचे. परीक्षेत चार पर्याय असतात, पाचवा नसतो, असं त्यांना किती वेळा सुनावलं असेल... त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच करायच्या.

त्यांना एका प्रश्नाचा मात्र मनस्वी तिटकारा होता. मूळ गाव कोणतं, असं कुणी विचारलं की त्या विश्रांतवाडी म्हणायच्या. समोरचा पुण्यातलाच असेल तर तो थांबायचा नाही. तसं नाही हो, मूळ... “कशासाठी हवंय ते सांगा, मग मी सांगते,” त्या म्हणायच्या. मग समोरचा बहुधा विषय बदलायचा. कशासाठी हवं असतं, ते दोघांनाही ठाऊक असायचं.

सराव परीक्षेचे पेपर मी काढते. उत्तरतालिका फळ्याशेजारी लागली की हरकत घ्यायला मुलांना एक दिवस मिळतो. हरकत घ्यायच्या शीलाताई, मुलांच्या आधी, चष्मा कपाळावर चढवून. माझा एक लाडका प्रश्न होता. सरिता लग्न होऊन बुलढाण्याहून पुण्यात आली व नोकरी करू लागली. तिच्या स्थलांतराचे कारण कोणते? उत्तर, विवाह. घाईत मुलं हमखास रोजगारावर खूण करतात, म्हणून लाडका. शीलाताईंनी तालिका माझ्यासमोर ठेवली.

“सरिताला विचारलंत?”

“अहो ताई, सरिता काल्पनिक आहे.”

“मी नाही ना काल्पनिक. मीही लग्न होऊनच आले, भंडाऱ्याहून. दोन स्थळं आली होती. एक शेजारच्या तालुक्यातलं, घरचं बरं होतं. दुसरा इथं कारखान्यात कामगार. मला कॉलेजात जायचं होतं, म्हणून मी पुण्याला हो म्हटलं. आता लिहा, विवाह की शिक्षण?”

परीक्षेत विवाहच, असं मी म्हटलं. तालिका बदलली नाही. त्यांची हरकतही शेवटपर्यंत मागे गेली नाही.

मुख्य परीक्षा आता तोंडावर आली आहे. गेल्या आठवड्यातल्या सराव पेपरात मी सरिताचा प्रश्न मुद्दाम घातला आणि ‘विवाह’ हेच उत्तर लावलं. मला बघायचं होतं, इतके तास घालवून या बाईनं मुलांमध्ये काही ठेवलंय की तेही तिच्याबरोबर गेलं. शिक्षकांच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसून राहिले. दोघेतिघे आले. भूगोलावर अंदाजे किती प्रश्न येतील, एवढंच विचारून गेले. हरकत एकही नाही. मला संताप आला. मुलांचा, संचालकांचा आणि खरं सांगायचं तर ताईंचाही. सगळं अर्धवट टाकून गेल्या, आणि माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच तिरमिरीत वर्गात गेले. सरिताचं उत्तर सगळ्यांना पटलंय का, विचारलं. मग मागच्या बाकावरची जिंतूरची मुलगी उभी राहिली. कधी तोंड उघडत नाही ती.

“मॅडम, घरी माझं लग्न ठरवत होते. नको होतं, म्हणून अभ्यासाचं सांगून मी पुण्याला आले. माझ्यावर प्रश्न आला तर उत्तर काय, विवाह का शिक्षण?”

“हे काल का नाही आलीस सांगायला?”

ती गोंधळली. “हरकत रामटेके मॅडमच घ्यायच्या ना...”

माझा आवाज चढला. कुणावर, ते माझं मलाच कळेना.

“त्या आता येणार नाहीत,” मी म्हटलं. “तुलाच यावं लागेल.”