नखाखालचा दाणा

बायकोच्या उजव्या अनामिकेचं दुखणं मी चार वर्षं सोंग समजत होतो.

आणि धंदा काय माझा, तर म्हैसूरच्या घोडदळाच्या पागेत सालोत्री; घोड्यांचा वैद्य. आजोबा शिलेदार. घोड्याचं कळतं त्याला माणसाचंही कळतं, हा आमच्या घराण्याचा पिढीजात समज.

सुरुवातीला मी नखुरडं ठरवून बोटाला लिंबाची टोपी घातली. बोट ना सुजलं होतं, ना पिकलं होतं. ती म्हणायची, "गार पाण्यात हात घातला की कळ खांद्यापर्यंत जाते हो." मी म्हणायचो, "सुम्ने, उगीच सोंग. भांडी दिसली की दुखतं." पुढे तिनं सांगणंच सोडलं. पाणी कोमट करून घ्यायची, आणि ते एक बोट सगळ्या कामांतून उचलून धरायची.

एका सकाळी मुलीची वेणी घालताना फणी त्या नखाला लागली आणि बायको पांढरीफटक होऊन खालीच बसली. तेव्हा कुठे मी टांगा आणला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गारठ्यानं वाढतं?" तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. त्यांनी टाचणी उलटी धरली आणि टाचणीच्या बोंडानं नख जागोजाग दाबत गेले. काही नाही, काही नाही. निळसर झाक होती तिथं टेकताच तिनं माझी बाही मुठीत धरली.

"नखाखाली गाठ आहे. क्वचितच दिसते. जिवाला धोका नाही, पण दुखते भयंकर. अम्मा, चार वर्षं कशी काढलीत?"

"बोट कापणार?" तिनं विचारलं.

"बोट राहील. गाठ जाईल."

बोट बधिर करून नख काढलं. चिमट्यात आला तो रागीचा, म्हणजे तुमच्या नाचणीचा, दाणा असावा एवढासा तांबूस-निळा गोळा. तिचा दुसरा हात माझ्या हातात होता.

जखम भरल्यावर तिनं घागरीतल्या गार पाण्यात हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी शेजारी बसलो. क्षमा मागायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "ती टाचणीची युक्ती आमचीच बरं का. लंगड्या घोड्याचा खूर आम्ही असाच ठोकून बघतो. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मिरवणुकीआधी त्या घोडीचा खूर दोन तास मांडीवर घेऊन बसलो होतो, आठवतं?"

"आठवतं," हात पाण्यातच ठेवून ती म्हणाली. "मला खूर नव्हते, तेवढंच माझं चुकलं."