नारळी भात आणि हाताची चव

तुपात लवंग तडतडली की मला लग्नानंतरची पहिली नारळी पौर्णिमा आठवते. कराडच्या घरी सासूबाई नारळी भात करत होत्या. पुढच्या वर्षी तो मलाच करायचा होता आणि नैवेद्याआधी चाखायची तर सोय नाही. "आवं आत्या, न चाखता गूळ बरोबर पडला हे कसं कळतं?" मी सासूबाईंना विचारलं. "हाताला कळतंय," त्या म्हणाल्या. म्हणून मी त्यांच्या हातावरच नजर ठेवली. गूळ विरघळला, ओला नारळ पडला, वेलदोड्याचा वास सुटला. तेवढ्यात त्यांनी पाठ फिरवली आणि हळूच बोट चाटलं. मी बघितलेलं कळताच म्हणाल्या, "मग देवाला फिक्का भात द्यायचा व्हय गं?" यंदा माझ्या नव्या सुनेनं तेच विचारलं. "हाताला कळतं," मी म्हणाले आणि तिला तुळशीचं पान आणायला अंगणात पाठवलं.