काष्टीला जातो, असं सांगून

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला — तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

गाणं मला सुनंदानं, माझ्या बायकोनं शिकवलं. म्हणजे ऐकायला. मी काष्टीच्या शेतकऱ्याच्या घरातला, नोकरीसाठी नगरला आलेला. भजनापलीकडे कान गेलेला नव्हता. तिचे वडील संगीताचे मास्तर. लग्नानंतर ती मला रविवारच्या सकाळच्या मैफलींना न्यायला लागली. पहिली दोन वर्षं मी पेंगलो. ती हसायची, पण उठवायची नाही. मग एका रविवारी तोडी चालू असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं — का, ते आजही सांगता येणार नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली असेल.

पन्नाशीनंतर तिला खोकला लागला. दम्याचा. एका मैफलीत गाणाऱ्या बाई अगदी संथ लयीत ख्याल मांडत होत्या, सभागृह चिडीचूप, आणि हिची ढास थांबेना. पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. मी काय केलं? पाणी दिलं? पाठीवरून हात फिरवला? नाही — मी समोर बघत राहिलो. शेजारी कुणी परकी बाई बसलीय, असा. ती तोंडात पदर धरून बाहेर गेली. मी उठलो नाही. गाणं संपल्यावर बाहेर आलो, तर चपलांजवळच्या पायरीवर बसलेली. म्हणाली, इथूनही छान ऐकू आलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण नाही थांबलो.

त्यानंतर मैफल असली की मी सांगायचो, काष्टीला जातो, शेत बघून येतो. आणि हॉलवर जायचो. एकटा. येताना बाजारातून मेथीची जुडी घ्यायचो, शेतातली म्हणून. तीन वर्षं. लाज वाटायची का? पहिला तासभर वाटायची. मग गाणं रंगलं की तिला विसरायचो — हे सांगणं सगळ्यात जड जातंय.

एका दुपारी मेथी निवडता निवडता, मान वर न करता तिनं विचारलं, "आज तोडी झाली का?"

कुणीतरी मला तिथं पाहून तिच्याजवळ बोललं असणार. तेव्हा कबूल करता आलं असतं.

"कुठली तोडी? मी काष्टीला होतो," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली. भाजी केली, मला वाढली. पुन्हा कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरांच्या औषधानं तिचा खोकला जवळजवळ थांबला. मी दोन पास आणले. कोण गाणार, साथीला कोण — भडाभडा सांगत सुटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "माझं ऐकणं सुटलं आता."

आवाजात राग नव्हता. घरात आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता.

मी शर्टाला इस्त्री केली आणि गेलो.