सुनंदा गुहागरला गेली त्या दिवशी

आईला हे कधी कळलं नाही. सुनंदालाही नाही. आता दोघीही नाहीत — सुनंदाला जाऊन महिना होईल — मग आत्ता सांगण्यात धैर्य तरी कसलं? तरी लिहिते आहे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीत मी आणि आई, दोघीच राहत होतो. मी वाचनालयात नोकरीला, बिनलग्नाची. धाकटी सुनंदा लग्न होऊन लंडनला गेली होती. ती नवऱ्याला घेऊन आली, ऐन नवरात्रात, जेमतेम चार दिवस. जावई नागपूरचे, रत्नागिरी त्यांना लंडनहून परकी. मी रजा काढून त्यांना थिबा राजवाडा दाखवला, किल्ला दाखवला, भाट्याच्या वाळूत फिरवलं. बंदरावर त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "ताई, तुमच्या गावात श्वास कधी घेतात?" सुनंदा हसली. मीही हसले.

फिरून घरी आलो की आई सुनंदाला घेऊन बसायची. तिचे केस विंचरायची, लंडनच्या भाज्या विचारायची, खळखळून हसायची. माझ्याशी ती कधी अशी हसली होती? आमचं बोलणं म्हणजे रॉकेल, दूधवाला, गुडघ्यांचं तेल. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे — पान उलटायचे, वाचायचे नाही.

गुहागर आईचं माहेर. मी किती वर्षं म्हणत होते, चल, देवीची ओटी भरून येऊ. गुडघे दुखतात, गाडी लागते — तिचं ठरलेलं. आणि सुनंदाने एकदाच म्हटलं, तर आईने ट्रंकेतून हिरवी साडी काढली. जावयांनी मोटार ठरवली. आईला घेऊन जायचं, ओटी भरायची. आई माहेरी राहणार आणि ती दोघं तिथूनच पुढे मुंबईला. घरात घट बसलेला, अखंड दिवा. त्याचं काय? आई सहज म्हणाली, "कुमुद आहे ना घरी. ती कुठे जात्येय."

एवढंच. ती कुठे जात्येय.

आमच्याकडे विटाळ कडक पाळायचे. पाळीच्या बाईने देवाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मागच्या पडवीत वेगळं बसायचं. निघायच्या सकाळी मी आंघोळीला गेले आणि तशीच पडवीत जाऊन बसले. आईला हाक मारून सांगितलं, मला शिवू नकोस.

खोटं होतं ते. काही झालेलं नव्हतं.

मग दिव्यात तेल कोण घालणार, घटावर माळ कोण चढवणार? सुनंदा म्हणाली, मी राहते. आईने ऐकलं नाही. "तुम्ही दोघं जाऊन या गो. माझी ओटी तुझ्या हातून." आवाज साधाच होता. साडी घडी करून तिने सुनंदाच्या हातात दिली, तेव्हा तिच्या बोटांनी ती लगेच सोडली नाही — हे मी पडवीच्या दारातून पाहिलं.

निघताना सुनंदा मागे आली. "असलं मी मानत नाही हो, ताई," म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली. आईने तिला परत आंघोळ करायला लावली. मोटार खोळंबली, जावई वैतागले. मी ताठ बसून होते.

पाचव्या दिवशी, दसऱ्याला, मला खरीच पाळी आली. पुन्हा कशी बसणार? मी तशीच देवापुढे गेले, नैवेद्य दाखवला. देवीची भीती वाटली नाही. आईला कळेल याची वाटली.

पुढल्या पावसाळ्यात आई गेली. तिने गुहागर पुन्हा पाहिलं नाही, सुनंदालाही नाही. सुनंदा फोनवर दरवेळी हळहळायची, आणि मग मलाच समजवायची — ताई, त्यात तुझा काय दोष? मी ऐकून घ्यायचे. एकदाही बोलले नाही.

पण खोटं बोलले, एवढंच सांगायचं असतं तर कधीच सांगितलं असतं. राहतं ते त्या दुपारचं. मोटार गेल्यावर आईने माझं ताट पडवीत आणलं, वरूनच भात वाढला आणि जरा लांब, उंबऱ्यावर बसली. डोळे पुसत म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं बाई. नाहीतर एकटी पडले असते."

ती रडत होती, आणि मी पोटभर जेवले. मला आनंद झाला होता.