केळ्यांचा वास

मुलुंडच्या बाजारात फार पिकलेल्या केळ्यांचा वास आला, की मला आयसीयूतली ती दुपार आठवते. बायकोच्या श्वासाला तसाच वास येत होता. तापात इन्सुलिन चुकलं, साखर भडकली आणि रक्तात आम्ल साठलं. ते बाहेर टाकायला ती शुद्धीत नसतानाही धावून आल्यासारखी खोल, भराभर श्वास घेत होती. मुलगा परदेशात होता, तिच्या उशाशी मी एकटाच. बघता बघता मीही तिच्याबरोबर तसाच श्वास घेऊ लागलो. "काका, असं नका करू, चक्कर येईल," सिस्टर म्हणाली. संध्याकाळी बायकोचा श्वास मंदावला आणि मी घाबरून ओरडलो, "सिस्टर, बघा ना, ही चालली!" सिस्टरने नवा रिपोर्ट पाहिला. "नाही हो काका, आम्ल उतरलंय, म्हणून श्वास शांत झालाय." मी बाहेर आलो. कुणाला तरी सांगायचं म्हणून फोन काढला आणि सवयीने नंबर लावला. माझ्याच खांद्यावरच्या पिशवीत तिचा फोन वाजायला लागला. घरी आल्यावर हे ऐकून ती पोट धरून हसली होती. आता ती नाही. काही चांगलं घडलं, की हात अजून तोच नंबर शोधतो.