लिंबोणीखालचं रिंगण

दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते, हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि नेमकी त्याच वेळी एक धिप्पाड बाई माझ्या मागच्या अंगणात काटक्यांचा भलामोठा झाडू घेऊन हवा झाडत होती. जमीन नव्हे, हवा. झाडू खाली टेकतसुद्धा नव्हता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि बाहेर जाऊन तिच्या हातातला झाडू काढून घ्यायला माझे हात शिवशिवत होते.

अंगण म्हणायचं, पण अमेरिकेतल्या वाळवंटातल्या चँडलर गावातलं. गवत नाही, सगळी बारीक खडी, कडेने निवडुंग आणि मधोमध ह्यांनी लावलेली लिंबोणी. हे म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. लिंबोणीखाली त्यांची प्लास्टिकची खुर्ची अजून तशीच होती. फॅबमधून, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यातून, घरी आले की ते तिथे बसायचे आणि मी आतबाहेर करताना दिसले की म्हणायचे, "अगं, बस जरा." माझ्या पायाला जन्मजात भिंगरी. मी म्हणायचे, आलेच, एवढं आवरते. ते आवरणं काही कधी संपलं नाही.

झाडूवाली बाई दिवसा शाळेची बस चालवते आणि माझ्या मुलीच्या मंडळाची ती पुजारीण. मंडळ विक्कावाल्यांचं. मुलगी इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे गुडघे आणि पाठी सरळ करते. काही वर्षांपूर्वी एका दिवाळीत चिवडा खाता खाता तिने सांगितलं की ती आता विक्का पाळते. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, निसर्गाची पूजा, चंद्र, ऋतू, चार दिशा, आणि हो, जुन्या काळी ज्यांना चेटकिणी म्हणायचे त्यांची परंपरा. माझ्या हातातला डबा पडायचाच राहिला. इतकी वर्षं घरी गणपती बसवला, तिला अथर्वशीर्ष शिकवलं, आणि पोरगी निघाली चेटकीण व्हायला. हे मात्र शांतपणे चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. म्हणाले, "चंद्रालाच नमस्कार करते ना? आपणही संकष्टीला तेच करतो." बापलेक हसले आणि मी दोन दिवस धुमसत राहिले.

तर तो समारंभ माझ्या अंगणात कसा आला, ते सांगते.

सप्टेंबरमध्ये मुलगी जेवायला आली होती. मी भरीत केलं होतं. वाढताना सहज म्हणाले, ह्यांना फार आवडायचं. तिने घास खाली ठेवला.

"आई, तू बाबांचं नाव कधीच घेत नाहीस. गेल्यापासून एकदाही नाही. इट्स लाइक ही वॉज नोबडी."

मी म्हटलं, मी कधीच घेत नव्हते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अहो म्हणायचे, तुला माहीत आहे.

"अहो इज नॉट अ नेम," ती म्हणाली.

मला राग आला आणि रडूही आलं. त्यामुळे मी उठून ताक घुसळायला घेतलं, जे आधीच घुसळलेलं होतं. मग तिने सांगितलं की ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्या मंडळाचा गेलेल्या माणसांसाठीचा दिवस असतो. सगळे रिंगण करून उभे राहतात, प्रत्येक जण आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतो, बाकीचे ते पुन्हा म्हणतात, आणि मग ते माणूस थोडा वेळ येऊन बसतं. या वर्षी ते आपल्या अंगणात करायचं तिच्या मनात होतं, बाबांच्या झाडाखाली. पण एक अट होती. बाबांचं नाव ती घेणार नव्हती. ते मी घ्यायचं. ज्याचं नाव कुणी घेत नाही तो रिंगणात येत नाही.

मी नाही म्हणाले असते, तर तिचं खरं ठरलं असतं. बाप तिच्या आईच्या लेखी कुणीच नव्हता, असं मनात धरून ती गाडी चालवत घरी गेली असती, आणि पुन्हा माझ्याकडे त्यांचा विषय काढला नसता. आम्ही दोघीच उरलो होतो. म्हणून मी हो म्हटलं.

हो म्हणणं सोपं होतं. नंतरचे दिवस मला खायला उठले. शॉवरखाली म्हणून बघितलं, पाण्याच्या आवाजात, नाही. गाडी ड्राइव्ह करताना काचा वर करून. पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथेच अडायचं. खरं तर ते गेल्यावर बँकेत, विम्याच्या लोकांना, पेन्शनवाल्यांना किती वेळा नाव सांगावं लागलं होतं. पण अमेरिकेत नाव कुठे सांगावं लागतं, स्पेलिंग सांगितलं की भागतं. एकेक अक्षर सुटं सुटं सांगून मी सगळी कामं उरकली होती, अख्खं नाव एकदाही उच्चारावं लागलं नव्हतं. मला स्वतःला तोवर हे लक्षात आलं नव्हतं.

आणि एक गोष्ट मी मुलीला सांगितली नव्हती. मी त्यांचं नाव घेतलंय, पुष्कळदा घेतलंय, पण उखाण्यात. आमच्या इथल्या मराठी बायकांत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कार्पेटवर गोल बसून सगळ्या जणी एकामागून एक नाव घेतात, कुणी जुनं, कुणी इंटरनेटवरून पाठ करून आणलेलं, आणि प्रत्येकीला "आणखी एक, आणखी एक" म्हणून छळतात. मी त्यात पटाईत होते. ऐनवेळी रचायचे. हे गेल्यावरच्या संक्रांतीलाही मला बोलावणं आलं. सगळ्या पुढारलेल्या आहेत, मला कुंकू लावलं, वाण दिलं, कुणी काही कमी केलं नाही. पण उखाण्यांची फेरी फिरत माझ्याजवळ आली आणि शेजारणीची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे बसलेल्या कुणाच्या तरी सुनेकडे गेली. "हं, आता तू घे." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माझं मन दुखू नये म्हणूनच सगळ्यांनी मला वगळलं. मी तिळगूळ चघळत बसले आणि मनात म्हटलं, आता हे नाव संपलं.

समारंभाच्या दिवशी मी सकाळपासून अंगण तीनदा आवरलं. खडीतली पानं वेचली, खुर्ची धुतली, पुन्हा धुतली. मुलगी दुपारी सामान घेऊन आली आणि लिंबोणीखाली ठेवलेल्या छोट्या टेबलावर मांडामांड करू लागली. एका वाटीत मीठ, एकीत पाणी, पूर्वेला धूप, दक्षिणेला लाल मेणबत्ती. दक्षिणेला तोंड करून दिवा लावत नाहीत, असं मी म्हटलंच. ती म्हणाली, दक्षिण अग्नीची दिशा. मी म्हटलं, यमाची. मग मेणबत्तीला तोंड नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिने आणलेला धूप ओल्या गवतासारखा धुरकट होता, म्हणून मी देवघरातल्या चंदनाच्या उदबत्त्या आणून खोचल्या. तिने त्या राहू दिल्या. टेबलावर मधोमध तिने बाबांचा चष्मा ठेवला आणि मी पटकन आत गेले, कोथिंबीर निवडायला.

झाडणं झालं, तशी मला बाहेर हाक आली. पुजारीण, मुलगी, मी आणि मुलीच्या मंडळातले आणखी तिघे, एवढेच होतो. पुजारणीने मिठाचं पाणी आमच्याभोवती शिंपडलं, काळ्या मुठीची एक बोथट सुरी हातात धरून ती आमच्या बाहेरून गोल फिरली. प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरली, हे बघून मला जरा बरं वाटलं. चारही दिशांना तिने नमस्कार घातला. मग म्हणाली, रिंगण बांधलं गेलंय, आता मधूनच कुणी बाहेर जायचं नाही; कुणाला जावंच लागलं तर मला सांगा, मी दार कापून देईन.

नावं सुरू झाली. हातावर गोंदवलेल्या एका मुलीने आपल्या आजोबांचं नाव घेतलं, आम्ही सगळ्यांनी ते म्हटलं. पलीकडच्या माणसाने एका मित्राचं घेतलं आणि तो रडला. त्याच्यापुढच्या बाईने आपल्या मांजराचं घेतलं. मांजराचं. आम्ही सहाही जणांनी त्या मांजराला गंभीरपणे हाक मारली, आणि मला एकदम वाटलं, मांजर येऊन बसणार आणि हे दाराबाहेर उभे राहणार. पुजारणीनंतर माझ्या उजव्या हाताला मुलगी होती. तिने माझ्या सासूबाईंचं नाव घेतलं आणि थांबली. बाबांचं खरंच घेतलं नाही. तिचा हात माझ्या हातात होता, घामाने ओला.

आता माझा नंबर. पाय जागच्या जागी हलायला लागले. मी इंग्रजीत म्हणाले की मी गॅस चालू ठेवून आले आहे, मला जायला हवं.

मुलीने माझा हात सोडला. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

पुजारीण आली, सुरीने हवेत एक दार कापलं, उंच, माझ्या मापापेक्षा बरंच उंच, आणि बाजूला झाली. मी त्या दारातून वाकूनच गेले, का कुणास ठाऊक.

गॅस अर्थातच बंद होता. मी तरी चारही बटणं तपासली. कोथिंबीर निवडून झाली होती, ओटा पुसलेला होता, सिंकमध्ये एक चमचाही नव्हता. करायला काहीच नव्हतं. खिडकीतून बघितलं, तर ते सगळे तसेच उभे होते. कुणी बोलत नव्हतं, कुणी फोन काढला नव्हता. मला वगळून कुणी पुढे सरकलं नव्हतं. माझी जागा रिकामी होती आणि मुलीने आपला हात माझ्या जागेच्या दिशेने पुढे धरला होता, हवेतच. ते माझ्यासाठी थांबले होते. या लोकांना काय माहीत, की मला आता विचारायचं नसतं.

मी परत गेले. पुजारणीने दार उघडलं, मला आत घेऊन पुन्हा बंद केलं. मी मुलीचा हात धरला. नुसतं नाव तेव्हाही आलं नसतं, हे मला पक्कं कळलं होतं. मग ज्या वाटेने ते जन्मभर आलं, त्याच वाटेने मी त्याला आणलं. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात:

"लिंबोणीला धरली लिंबं, अंगण झालं गार,"

आणि पुढे त्यांचं नाव, 'राव' लावून, अख्खं. ते मी इथे लिहीत नाही.

"...म्हणायचे 'बस जरा', मी बसले नाही फार."

काही क्षण कुणाला कळलं नाही त्यातलं काय म्हणायचं. मग मुलीने ते नाव वेगळं काढून दिलं, आणि त्या सगळ्यांनी आपापल्या जिभेने, वेडंवाकडं, ते म्हटलं. बस चालवणाऱ्या बाईने तर मनापासून दोनदा म्हटलं. मुलगी रडत होती. मीही रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नंतर पुजारणीने उलट्या दिशेने फिरून रिंगण सोडलं. उलट फेरी मला आवडली नाही, पण गेलेल्यांचं काम आपल्याकडेही उलटंच असतं, म्हणून गप्प राहिले. सगळ्यांनी कोथिंबीरवड्या खाल्ल्या, रेसिपी विचारली आणि ते गेले. मेणबत्ती विझवताना मुलीने फुंकर मारली नाही, चिमटीने विझवली. तिला हे मी शिकवलं की त्यांच्यात तसंच असतं, मी विचारलं नाही.

मी वाट्या गोळा करायला वाकले.

"आई, राहू दे ना," ती म्हणाली. ती खडीवरच मांडी घालून बसली होती, बाबांचा चष्मा मांडीवर घेऊन. सांगलीला मावसभावाच्या लग्नात सगळ्या बायका नवरीभोवती जमून काय म्हणतात, ते तिने बघितलं होतं. अगदी तस्संच, तिच्या त्या अमेरिकन 'ख'ने, ती म्हणाली, "आणखी एक."

मी वाट्या खाली ठेवल्या. आमच्या लग्नात मी एक उखाणा घेतला होता, इतका घाईत आणि इतका पुटपुटत, की ह्यांनाही तो धड ऐकू आला नव्हता. तोच घेतला. त्यांच्या खुर्चीत बसून, सावकाश.