सौर पॅनल आणि चैत्रगौरीचं हळदीकुंकू

आता हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. फक्त सुमनसमोर हसू नका!

पंच्याऐंशीचा सुमार असेल. मी देवासच्या एका कारखान्यात होतो. तिथे प्रयोगासाठी आणलेलं एक सौर पॅनल भंगारात निघालं, ते मी उचलून आणलं आणि गच्चीवर बसवलं. तार खाली सोडली, छोटा बल्ब जोडला. लागला की हो! भर दुपारी बारा वाजता.

"दिवसा दिवा लावून कुणाला दाखवायचा?" बायको, म्हणजे सुमन, म्हणाली.

खरंच होतं. आमच्याकडे वीज जायची संध्याकाळी, आणि त्याच वेळी सूर्यही जायचा! म्हणजे बॅटरी हवी. बाजारात बाबूलाल मिस्त्रीला गाठलं.

"भिया, ट्रकवाली बैटरी लगेगी. मोटा तार, डिस्टिल वाटर अलग. और हवादार जगह में रखना, गैस छोड़ती है."

किंमत ऐकून माझीच हवा गेली. पॅनल जवळजवळ फुकट आणि बॅटरी पगाराच्या वर!

शेवटी सुमनने महेश्वरी साडीसाठी साठवलेले पैसे काढून दिले. अट एकच. "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास उजळली पाहिजे. धारहून माझ्या वहिनी येताहेत."

"अगं, वहिनींचे डोळे दिपतील!"

बॅटरी आली. तीन संध्याकाळी लख्ख उजेड! गल्ली बघून गेली, मी प्रत्येकाला व्याख्यान दिलं. चौथ्या दिवशी दिवा मंदावला. पाचव्या दिवशी त्याच्यापेक्षा पणती बरी! आणि सहाव्या दिवशी हळदीकुंकू.

मी डिस्टिल वॉटर घातलं, तारा बदलल्या, टर्मिनल घासली. सुमन आंब्याच्या डाळीसाठी डाळ वाटत बसली होती, आणि ती डाळ इतकी बारीक कधीच झाली नव्हती.

हळदीकुंकवाच्या दुपारी मी बाबूलालच्या दुकानात जाऊन भांडलो. "सड़ी बैटरी टिका दी तुमने!"

बिचारा सामान घेऊन घरी आला. तपासली. "बैटरी तो टनाटन है, भिया. तीन दिन मेरी दुकान की चार्जिंग चली. उसके बाद भरी ही नी. पैनल कां है?"

तो गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "अरे भिया! इसको कोट कायको पेनाया?"

आता काय लपवायचं? बॅटरी आल्यावर मला वाटलं, विजेचा कारभार आता तिच्याकडे गेला. मग एवढं नाजूक पॅनल उन्हात कशाला तापवायचं? जाड कापडाचं, अस्तर लावलेलं कव्हर शिवून घेतलं. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी वर जाऊन ते काढायचो, टीव्हीचं काढतो तसं!

कव्हर निघालं तोवर ऊन कललं होतं, बॅटरी भरणार कशी? आणि त्या संध्याकाळी वीज अगदी वेळेवर गेली. आरास अंधारात, बायका अंधारात.

"जावईबुवांचा तो दिवा कुठाय?" वहिनींनी विचारलं.

सुमन शांतपणे म्हणाली, "ह्यांनी सूर्याला कव्हर घातलंय. उन्हाने खराब होईल ना!"

अशा हसल्या बायका! आणि कंदील धरून मीच मधोमध उभा होतो, त्यामुळे माझं तोंड तेवढं सगळ्यांना स्वच्छ दिसलं.